‘साहेबांची एफडी’ नक्की कोणाची?

“पैसा बँकेत हाय. दरसाल टाकून राह्यलो. मंग अडचण काय हाय, बेटा?”

शेठजींनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो टेबलावर ठेवून दिला. शेठजी म्हणजे आमच्या बियाणे कंपनीचे मालक. माझ्या बाजूला कुलकर्णी सर बसले होते, फायनान्स मॅनेजर आणि माझे बॉस. मी अकाउंट्स असिस्टंट. सीए इंटर झालेली, फायनलचा अभ्यास चालू. त्या केबिनमध्ये मी त्याआधी फक्त सह्या घ्यायला गेले होते, आणि सह्या घेताना कोणी बसा म्हणत नाही.

प्रश्न सोपा होता. उत्तर मला येत होतं. पण ते उत्तर शेठजींना आवडणार नाही हेही मला माहीत होतं. कुलकर्णी सर आधीच सांगून बसले होते की, मी काही बोलणार न्हाई, तूच बोल.

अडचण काय होती ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमची कंपनी जालन्यात बियाणं तयार करते. कापूस, बाजरी, मिरची. नवीन वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षं जातात. ते तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला ब्रीडर म्हणतात. ब्रीडर मध्येच दुसऱ्या कंपनीत गेला, तर त्याच्या डोक्यात जे काही असतं ते सगळं त्याच्याबरोबर जातं. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ, त्यामुळे चांगल्या ब्रीडरला बोलावणारे पण पुष्कळ.

म्हणून शेठजींनी एक योजना काढली होती. ब्रीडर, प्लांट हेड, सेल्स हेड अशा मोजक्या मोठ्या ऑफिसर लोकांना वर्षाच्या बोनसचा एक भाग हातात द्यायचा, आणि एक भाग बाजूला ठेवायचा. बाजूला ठेवलेला भाग व्याजासकट रिटायरमेंटला मिळणार. आधी नोकरी सोडली तर तो गेला. मोठ्या कंपन्यांमध्ये याला डिफर्ड कॉम्पेन्सेशन म्हणतात, म्हणजे आज कमावलेला पण पुढे मिळणारा पगार. आमच्याकडे याला कोणी तसं म्हणत नव्हतं. आमच्याकडे सगळे म्हणायचे, ‘साहेबांची एफडी’.

ही रक्कम जाहीर करायची पद्धतही आमचीच होती. बदनापूरच्या पुढे कंपनीचं संशोधनाचं शेत आहे. थंडीत ज्वारी हुरड्यात आली की शेठजी सगळ्या ऑफिसर लोकांना घरच्यांसह तिथे बोलवायचे. आगटीभोवती बसून गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. सगळ्यांची पोटं भरली की शेठजी उठून उभे राहायचे आणि एकेकाचं नाव घेऊन सांगायचे, “जाधव साहेब, या साली तुमच्या नावानं एवढे ठेवले.” लोक टाळ्या वाजवायचे. जाधव साहेबांच्या बायको पदर सावरून हसायच्या. संपलं. कोणाला पत्र नाही, कोणाची सही नाही. कागद मागणं म्हणजे मालकावर संशय घेणं, असं सगळ्यांना मनापासून वाटायचं. मलाही वाटलं. त्या वर्षी मी पहिल्यांदाच हुरड्याला गेल्ते आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

पण तेव्हा मी परीक्षेसाठी नेमकं एम्प्लॉयी बेनिफिट्सचं स्टँडर्ड वाचत होते. अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणजे हिशोब कसा दाखवायचा याचे नियम. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी कुलकर्णी सरांना विचारलं.

“सर, हुरड्याला ज्या रकमा जाहीर झाल्या त्या आपण बुक कुठे करतो?”

“एफडीत.”

“ती झाली अ‍ॅसेट. देणं कुठे दाखवतो?”

“कशाचं देणं?”

“साहेब लोकांना द्यायचेत ना पैसे.”

“द्यायचेत तेव्हा देऊ. देऊ तेव्हा खर्ची टाकू.” सरांनी चष्मा वर केला. “इन्कम टॅक्समध्ये वजावट पैसे दिल्यावरच भेटती. मंग आधीच खर्ची टाकून नफा कशाला पाडायचा?”

“पण सर, टॅक्सचा नियम वेगळा आणि अकाउंट्सचा...”

“फायनल पास झाल्या का, मॅडम?”

“नाही सर.”

“झाल्यावर सांगा मला.”

सर वाईट माणूस नाहीत हे इथेच सांगते. मला टॅली त्यांनीच नीट शिकवलं, आणि परीक्षेची रजा त्यांनी कधी नाकारली नाही. पण ही चूक खूप जणांची होते, म्हणून ती समजावून सांगते.

समजा, जाधव साहेबांनी या वर्षी काम केलं आणि त्याबद्दल त्यांना शंभर रुपये पुढे द्यायचे ठरले. काम या वर्षी घेतलं, तर खर्चही या वर्षीच दाखवायचा. आणि शंभर रुपयांचं देणं बॅलन्स शीटला उभं करायचं. हे झालं अकाउंटिंग. आता ते शंभर रुपये पुढे कुठून द्यायचे याची सोय करणं, म्हणजे फंडिंग. एफडी करणं हे फंडिंग. आमच्या कंपनीने फंडिंग केलं होतं आणि अकाउंटिंग सोडून दिलं होतं. त्यामुळे बॅलन्स शीटवर एफडी दिसत होती, पण ती ज्यांच्यासाठी केली त्यांचं देणं कुठेच दिसत नव्हतं. कागद वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटणार, वा, कंपनीकडे किती मोकळा पैसा आहे.

फंडिंगही खरं तर अर्धंच होतं. एफडी कंपनीच्या नावावर. पावतीच्या मागे पेन्सिलने ‘जाधव’, ‘शिंदे’ अशी नावं. आणि दर हंगामात बीजोत्पादक शेतकऱ्यांचे पैसे चुकते करायला बँकेकडून जादा लिमिट लागायचं, तेव्हा हीच एफडी बँकेकडे तारण जायची. म्हणजे कंपनीने कर्ज थकवलं तर बँक आधी ती मोडून घेणार. पेन्सिलचं नाव बँकेला दिसत नाही.

सरांनी झटकल्यावर मी गप्प बसले. मी काही धीट नाही. माझं गाव वाटूरजवळ. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आमच्या घरात ‘मोठ्या माणसाला उलट बोलू नये’ हे शाळेच्या आधी शिकवतात. मी मनाशी म्हटलं, कंपनी चालू आहे, शेठजी भले माणूस आहेत, मिळतील सगळ्यांना पैसे.

मग कंपनी विकायची ठरली.

हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने शेठजींचे सगळे शेअर घ्यायची तयारी दाखवली. शेठजींची मुलं परदेशात, त्यांना यात रस नव्हता. शेठजीही थकले होते. किंमतीचं वर्किंग कुलकर्णी सर करत होते आणि एक्सेलमध्ये मी ते बसवत होते. कंपनीची किंमत काढताना धंद्याची किंमत धरतात, त्यातून कर्ज वजा करतात आणि मोकळी रोकड मिळवतात. सरांनी रोकडीच्या ओळीत ‘साहेबांची एफडी’ टाकायला सांगितली.

मी ती टाकली. आणि माझा हात माऊसवरच राहिला.

मोकळी रोकड मिळवली की शेअरची किंमत तेवढी वाढते. ती किंमत कोणाला मिळणार? शेठजींना. म्हणजे साहेब लोकांसाठी वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेले पैसे आता शेठजींच्या खात्यात जाणार होते. आणि नव्या मालकाच्या हातात जी कंपनी येणार तिच्या बॅलन्स शीटला साहेब लोकांचं काहीच देणं नव्हतं. उद्या जाधव साहेब रिटायर होऊन पैसे मागायला गेले, की नवा मालक विचारणार, कुठे लिहिलंय? आणि त्याचं चूक कसं म्हणणार?

त्या आठवड्यात मला शेतावरच्या स्टोअरचा स्टॉक मोजायला जायचं होतं. जाधव साहेबांनी त्यांच्या गाडीत बसवून घेतलं. ते आमचे चीफ ब्रीडर. आमची मिरची ज्या वाणांवर चालते त्यातले बरेचसे त्यांचे. रिटायरमेंटला काही महिनेच उरले होते.

“म्या मंठ्याला जमीन बघितली,” ते गाडी चालवता चालवता म्हणाले. “रोपवाटिका टाकायची. बयाणा पण देऊन आल्तो परवा. बायको म्हणती, आता तरी घरी बसा. म्या म्हणलं, मिरचीनं मला बसू दिलं तर बसीन.”

मी हसले.

“पोरी, तू अकाउंट्सला हायस. ते हुरड्याचे पैसे हायत ना बराबर? त्याच्याच जिवावर बयाणा दिला म्या.”

मी काय बोलणार होते? कंपनी विकण्याची बोलणी गुप्त होती. खोटं बोलणं जमत नव्हतं आणि खरं बोलायची मुभा नव्हती. मी म्हटलं, “साहेब, मी विचारून सांगते.” त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा सगळा रस्ता मिरचीच्या व्हायरसबद्दल बोलत राहिले.

संध्याकाळी मी घरी फोन लावला. नाव न घेता बाबांना सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांना पटलं तर कोणालाही पटेल.

“मालक चांगला हाय ना?” बाबांनी विचारलं.

“चांगलाच आहे.”

“मंग भ्यायचं काय कारण? तू उगा लोकांच्या भानगडीत पडू न्हाई.”

मला वाईट वाटलं, पण फायदाही झाला. माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करत होते. मी देणं, स्टँडर्ड, बॅलन्स शीट असं बोलत होते आणि ऐकणारा माणूस मालक कसा आहे ते बघत होता. शेठजींनाही तेच वाटणार, की पोरगी माझ्या दानतीबद्दल बोलतीय. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या रोजच्या कामातलं बोलावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मी कुलकर्णी सरांपुढे उभी राहिले. “सर, ती एफडी रोकडीत धरली तर साहेब लोकांचे पैसे जातात.”

“पुन्हा तेच?”

“सर, मला फक्त एक सांगा. सही झाल्यावर जाधव साहेबांना पैसे कोण देणार?”

सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. माझी खात्री आहे की हा प्रश्न त्यांना आधीच पडलेला होता. मग ते उठले.

“चल. तूच सांग शेठजींना. सांगायचं तर बराबर सांग, अर्धवट सांगून मला मधे टाकू नको.”

असे आम्ही त्या केबिनमध्ये पोहोचलो होतो.

“शेठजी, पैसा आहे,” मी म्हटलं. “पण तो कंपनीचा आहे. साहेब लोकांचा नाही.”

“म्या सगळ्यांसमोर जाहीर केला. माझी जुबान हाय त्याच्यामागं.”

“जुबान तुमची आहे, शेठजी. पण कंपनी आता तुमची राहणार नाही ना.”

कुलकर्णी सर खोकले. शेठजींचा चेहरा उतरला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“माझ्यावर भरवसा न्हाई का तुझा?”

“आहे. म्हणूनच तुम्हाला विचारते.” माझा आवाज बारीक झाला होता, पण मी बोलत राहिले. “शेतकऱ्याचं बियाणं जीओटी पास होईपर्यंत आपण वेगळ्या शेडमध्ये का ठेवतो?”

जीओटी म्हणजे ग्रो आउट टेस्ट. शेतकऱ्याने आणलेल्या बियाण्याचा नमुना शेतात लावून ते शुद्ध आहे का बघतात. ते पास होईपर्यंत माल शेतकऱ्याचाच असतो. आमच्या मोठ्या गोदामातला सगळा माल बँकेकडे तारण असतो, म्हणून नापास किंवा न तपासलेला माल तिथे ठेवायचा नाही, हा नियम खुद्द शेठजींचा. त्यासाठी त्यांनी वेगळी शेड बांधली. या एका गोष्टीवर ते कोणाचंच ऐकत नाहीत.

“हे काय विचारणं झालं?” शेठजी म्हणाले. “माल शेतकऱ्याचा हाय. आपल्या गोदामात टाकला की बँकवाला आपला समजून मोजून घेतो. उद्या काही झालं तर त्या शेतकऱ्याला कोण देणार?”

“पोत्यावर खडूने त्याचं नाव लिहिलं तर?”

“खडूला कोण इचारतंय? टाळा बँकेचा हाय.”

“शेठजी, आपण एफडीच्या पावतीमागे पेन्सिलने नावं लिहिलीत.”

शेठजींनी समोरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण काढलं आणि पाणी न पिता परत ठेवलं.

“आणि अजून एक आहे,” मी म्हटलं. हे सांगताना मी शेठजींकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघितलं. “कंपनीची किंमत काढताना ही एफडी आपण मोकळी रोकड म्हणून धरलीय. तेवढी रक्कम शेअरच्या किंमतीत तुम्हाला मिळणार आहे.”

“कोणती रक्कम?”

“साहेब लोकांची.”

शेठजी कुलकर्णी सरांकडे वळले. “कुलकर्णी, खरं हाय हे?”

“वर्किंगमध्ये तसंच आलंय, शेठजी.”

“म्हंजे जाधवचे पैसे खिशात घालून म्या घरी जाऊन राह्यलो? आन त्याला हुरडा खाऊ घालून?”

शेठजी उठून खिडकीपाशी गेले. बाहेर प्लांटमध्ये ग्रेडिंगचं मशीन चालू होतं.

“सुधरायचं तर माझा खर्चा किती?” शेवटी त्यांनी विचारलं.

“किंमत तेवढी कमी होईल.” मग मला राहवलं नाही. “पण शेठजी, ते तुमचे नव्हतेच.”

हे बोलून झाल्यावर मला वाटलं, आता नोकरी गेली. शेठजी माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. “कुलकर्णी, ही पोरगी मला लुटून राह्यली आन मला बरं वाटून राह्यलंय. करा काय करायचं ते. जल्दी करा. सही व्हायच्या आत.”

मग खरं काम सुरू झालं.

पहिलं काम योजना कागदावर आणायचं. कोणाला, किती, कधी, आणि आधी सोडलं तर काय. वकिलाने मसुदा केला. शेठजींनी सगळ्या ऑफिसर लोकांना बोलावून कंपनी विकत असल्याचं आणि या दुरुस्तीचं स्वतः सांगितलं, आणि प्रत्येकाच्या हातात पत्र दिलं. जाधव साहेब बाहेर आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. “त्या दिवशी गाडीत तू विचारून सांगते म्हणली, तवाच मला कळलं होतं काहीतरी गडबड हाय. रात्रभर बायकोला काही बोललो न्हाई म्या.”

दुसरं काम देणं किती ते काढायचं. त्यासाठी अ‍ॅक्च्युअरी लागतो. पुढे द्यायच्या रकमेची आजची किंमत काढणारा तज्ज्ञ. कोण किती वर्षं टिकेल, कोण मध्येच सोडून जाईल, व्याज किती धरायचं, हे सगळं तो गणितात बसवतो. पुण्याच्या अ‍ॅक्च्युअरीबाईंचा फोन स्पीकरवर होता.

“जाधव यांची नोकरी सोडण्याची शक्यता किती धरू?” त्यांनी विचारलं.

“ते सोडणारे न्हाईत,” कुलकर्णी सर म्हणाले.

“सगळे असंच म्हणतात. काही आधार?”

“मॅडम, मिरचीचं एक नवीन वाण अर्ध्यात हाय. ते मेले तरी येतील.”

“मृत्यूचा तक्ता मी वेगळा लावते,” बाई म्हणाल्या.

आकडा आला. मागच्या सगळ्या वर्षांचा खर्च एकदम बुक झाला आणि नफा खाली आला. सरांचा चेहरा पडला. तेव्हा मी त्यांना एक चांगली बातमी दिली. खर्च आज धरला, पण टॅक्सची वजावट पैसे देताना मिळणार. म्हणजे पुढे टॅक्स वाचणार आहे. त्या वाचणाऱ्या टॅक्सची रक्कम आज अ‍ॅसेट म्हणून दाखवता येते, तिला डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट म्हणतात. फटका थोडा हलका होतो. सरांनी ती एंट्री स्वतः टाकली. मला हातही लावू दिला नाही.

तिसरं काम अवघड होतं. एफडी बँकेच्या तारणातून सोडवायची. हंगाम तोंडावर होता, शेतकऱ्यांचे पैसे थांबवून चालणार नव्हतं. बँक म्हणाली, बदली तारण द्या. शेठजींनी जुन्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, स्वतःच्या नावाचा गाळा दिला. व्यवहार पूर्ण होईपर्यंत तो बँकेकडे राहिला. मॅनेजरने विचारलं, “शेठजी, कंपनी विकता विकता स्वतःची प्रॉपर्टी कोण अडकवतं?” शेठजी म्हणाले, “ज्याला झोप पाहिजे तो.”

सोडवलेली एफडी मोडून पैसे एस्क्रो खात्यात टाकले. एस्क्रो म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातलं खातं. पैसे बँक सांभाळते. ऑफिसर रिटायर झाल्याशिवाय त्यातून जुना मालक काढू शकत नाही, नवा मालक काढू शकत नाही. देण्याच्या मानाने थोडे पैसे कमी पडत होते, तेवढी भर शेठजींनी कंपनीतून टाकायला लावली. आता देणं कागदावर, पैसे बाजूला, आणि टाळा दोन्ही मालकांच्या हाताबाहेर.

मग हैदराबादची टीम आली. त्यांचे प्रमुख रेड्डी साहेब. कमी बोलणारे, पण नेमकं विचारणारे. कॉन्फरन्स रूममध्ये त्यांनी स्टॉक बघितला, टॅक्सच्या केसेस बघितल्या. आणि मग हिंदीत विचारलं, “ऑफिसर लोकांना तोंडी काही कबूल केलंय का? रिटायरमेंटला देऊ वगैरे? मालकाच्या कंपन्यांमध्ये हे हमखास निघतं, आणि सही झाल्यावर निघतं.”

कुलकर्णी सरांनी फाइल पुढे सरकवली.

“आम्ही याबाबतीत फार काटेकोर आहोत,” सर म्हणाले. “योजना, अ‍ॅक्च्युअरीचा रिपोर्ट, एस्क्रोचा करार. सगळं यात आहे.”

मी खाली मान घालून बसले, कारण मला हसू येत होतं.

रेड्डी साहेबांनी पानं उलटली. “डिस्काउंट रेट कोणता धरला आणि का?”

पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायला जो व्याजदर वापरतात तो डिस्काउंट रेट. सरांनी एक क्षण छताकडे बघितलं. “हे वर्षा सांगेल,” ते म्हणाले. वर्षा म्हणजे मी.

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून बोलायला जमलं नसतं. सरकारी रोख्यांचा दर का घेतला, कोणाची किती वर्षं उरलीत, एस्क्रोतले पैसे देण्याला कसे पुरतात, मी सगळं सांगितलं. माझी हिंदी अडखळत होती. मधेच मी मराठीत गेले आणि कोणीच थांबवलं नाही, म्हणून तशीच पुढे गेले. रेड्डी साहेबांनी अजून दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तरं मला येत होती.

शेवटी ते शेठजींना म्हणाले, “हे तुम्ही लपवलं असतं आणि आम्हाला नंतर सापडलं असतं, तर आम्ही बाकीच्या आकड्यांवर पण विश्वास ठेवला नसता. आता किंमतीतून एवढंच कमी होईल. बाकी बोलणं नाही.”

आणि पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, आम्ही ही कंपनी गोदामांसाठी घेत नाही, ब्रीडर लोकांसाठी घेतोय. ते टिकले पाहिजेत. ही योजना आहे तशी पुढे चालवू, आणि आमच्या दुसऱ्या प्लांटला पण लावू. एकही ऑफिसर सोडून गेला नाही. शेठजींना व्यवहारात किंमत थोडी कमी मिळाली, पण सही ठरलेल्या दिवशी झाली. अशा व्यवहारात हे फार कमी वेळा घडतं, असं वकील म्हणाले.

संध्याकाळी कुलकर्णी सरांनी पूर्ण अकाउंट्स डिपार्टमेंटला कचोरी मागवली. प्लेट माझ्यासमोर ठेवत म्हणाले, “फायनल पास झाल्यावर सांग म्हणलो होतो ना मी? हे मी मागं घेतो. पण पास हो.”

मी घरी फोन करून सांगितलं. बाबांना एस्क्रो कळलं नाही. “म्हंजे तुझी नोकरी हाय ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, आणि पगारही वाढलाय. मग त्यांनी आईला हाक मारली.

नव्या मालकाच्या काळात जाधव साहेब रिटायर झाले. कंपनीने बँकेला रिटायरमेंटचं पत्र पाठवलं, बँकेने कराराप्रमाणे पैसे कंपनीच्या पगाराच्या खात्यात सोडले आणि तिथून टॅक्स कापून ते साहेबांना गेले. कोणाच्या केबिनबाहेर बसावं लागलं नाही, कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही. त्याच दिवशी त्यांचा मला फोन आला. मला वाटलं, आभार मानणार.

“पोरी, पैसे आले. पण टॅक्स एवढा? हे तू आधी काहून न्हाई सांगितलं?”

मी त्यांना समजावलं की हा शेवटी पगारच आहे, उशिरा मिळाला एवढंच, त्यामुळे टॅक्स पण आत्ताच लागतो. त्यांनी अर्धा तास वाद घातला. मग म्हणाले, “बरं, मंग रिटर्न तूच भर माझा.”

मी भरला.

आता मी सीए आहे आणि दुसऱ्या कंपन्यांचे हिशोब बघते. मालक एफडीची पावती दाखवून सांगतात, पैसा बाजूला ठेवलाय, मॅडम. मी पावती उलटी करून बघत नाही. मी विचारते, ठेवलाय तो कोणाचा? हे पैसा ठेवतानाच ठरवलेलं बरं. नंतर ठरवायला बसलं की वकील लागतो, आणि तो आपली फी पुढे ढकलत नाही.